वाड्यातलं कोणी आलं नव्हतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच. देवाला सांगितलं असंही म्हणता येणार नाही — देवासमोर उभी राहते तेव्हा मी मुलीचा संसार आणि माझा गुडघा, एवढंच बोलते. तुम्ही मला ओळखत नाही. तेवढी सोय पुरे आहे.

मी तालुक्याच्या कचेरीत काम करते. कुठल्या, ते सोडा. घर डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेहून वर काजूच्या डोंगराला टेकलेल्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. वाडा मूळ ज्या गावाचा, तो गाव व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. अलीकडे, आमच्या बाजूला, दुसरा गाव. आमचा रस्ता या दुसऱ्या गावातून जातो, बस तिथूनच मिळते, शाळा तिथली. पण पंचायत, रेशन, दाखले हे सगळं व्हाळापलीकडे. पावसात साकव पाण्याखाली गेला की एका दाखल्यासाठी आख्खा डोंगर वळसा घालून जायचं. म्हणून वाड्याचं वर्षानुवर्षं एकच मागणं — आम्हाला अलीकडच्या गावात घाला.

आणि ते झालं. सरकारचा आदेश निघाला. वाडा पलीकडच्या गावातून अलीकडच्या गावात गेला. ते घडवलं माझ्या धाकट्या जावेनं — दीपानं.

बघा, तिचं नाव घेतलं आणि हात थांबला. इतक्या वर्षांनीही.

दीपा इब्रामपूरची. दहावी झालेली. माझ्यानंतर चार-पाच वर्षांनी घरात आली. मी पदवीधर, खात्याची परीक्षा दिलेली, पोदेर पाव घेऊन यायच्या आत स्वयंपाक उरकून बस पकडणारी. मला वाटायचं, घराला माझा अभिमान असेल. सासू येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना हसत सांगायची, "व्हडली सरकाराची सून, धाकटी म्हजी." सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. काय करणार? विनोदच होता तो.

दीपाचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं. हेच तर अवघड. ती मला वयनी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. माझ्या मुलीच्या वेण्या ती घालायची, मला वेळ नसायचा म्हणून. एकदा मुलगी तापानं फणफणलेली असताना मी घरी आले तर ती माझ्याकडे न येता दीपाच्या मांडीत आणखी खोल शिरली. लहान पोर, तिला काय कळतं? पण मी त्या क्षणी दीपाकडे ज्या नजरेनं पाहिलं — तिनं वर बघितलं असतं तर सगळं तेव्हाच संपलं असतं. तिनं बघितलं नाही. ती पट्टी भिजवत होती.

मग वाड्याचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला, आणि लोकांनी दीपाला उभं केलं. मला कोणी विचारलं नाही. नोकरीतल्या बाईला उभं राहता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विचारायचं एकदा. नाही म्हणायची संधी तरी द्यायची.

ती पंच झाली आणि वाडा हलवायच्या मागे लागली. कुठल्या खात्याचं दार कुठलं, कुठला साहेब जेवणानंतर भेटतो, अर्जात कुठला शब्द घालायचा — हे सगळं तिला मी शिकवलं. अर्ज मी लिहिला. तिनं सही केली. आदेश आला त्या संध्याकाळी मी बसमधून उतरून वर आले तर अंगणात फटाके, आणि दीपाच्या गळ्यात झेंडूचा हार. दुबईला असलेल्या कोणाच्या तरी भावानं पाठवलेला कॅमेरा होता. कोणीतरी तो माझ्या हातात दिला. "वयनी, तूं जरा फाटीं सर आनी आमचो फोटो काड गो."

मी काढला. चांगला आला. आमच्या ओसरीवर अजून टांगलेला आहे. त्यात मी नाही, कारण मी काढत होते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. अशा गोष्टी हजार घरांत होतात, आणि त्या घरांतल्या बायका मी केलं ते करत नाहीत.

आता धालोचं सांगायला हवं. पौषात आमच्याकडे बायका रात्री मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, वाकून वाकून गातात. वाड्याचा मांड आमच्या शेजारच्या अंगणात. मांडावरचा दिवा लावायचा मान आमच्या घराचा, म्हणजे घरच्या सुनेचा. जी दिवा लावते ती त्या वर्षाची मांडकरीण. आमच्याकडची रीत अशी, की दिवा लागल्यापासून शेवटच्या दिवशी मांड शिंपून धालो संपेपर्यंत मांडकरणीनं गावची शीव ओलांडायची नाही. गावची म्हणजे देवाच्या गावची — सरकारनं वाडा कुठेही घातला तरी देवाची शीव जिथे होती तिथेच आहे, आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला, राखणदाराच्या दगडापाशी. काही अडचण असेल तर दिवा लावायच्या आधी देवापुढे नारळ ठेवून सांगायचं, मग त्याच घरातली दुसरी सून त्या वर्षापुरती बसते. दिवा लागल्यावर मात्र बदल नाही.

थोरली म्हणून तो मान माझा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात मी सासूला म्हटलं, मला रोज बस पकडायची असते, मला हे जमणार नाही. मग दीपा येईपर्यंत सासूच बसली, आणि नंतर दीपा. मी स्वतः सोडलेली गोष्ट. मग दरवर्षी ती दिवा लावायला वाकली की मी नजर का वळवायचे? तिचा आवाजही बरा. गाणं कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, तिला न शिकवता यायचं. मी मागच्या रांगेत उभी राहून तिच्या ओळी तोंडातल्या तोंडात म्हणायचे आणि सकाळच्या डाळीत मीठ किती घातलं होतं ते आठवायचे.

आता कामाचं.

मोजणी जवळ आली — देशाची, माणसांची — की आधी हद्दी गोठवतात. लोकांना वाटतं, सरकारला सगळं वरून दिसतं. काही दिसत नाही. कुठला वाडा कुठल्या गावातून कुठे गेला, कुठली पंचायत फुटली, हे दिल्लीला माहीत नसतं. मोजणीचं खातं केंद्राचं, हद्द बदलणारं सरकार राज्याचं, जमीन मोजणारं खातं तिसरं, पंचायती चौथ्या. म्हणून पत्र खाली येतं: मागच्या मोजणीनंतर तुमच्याकडे काय काय बदललं ते कळवा. उत्तर पायरी पायरीनं वर जातं. आणि एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत जे कळवलं ते नकाशात आलं. जे नाही कळवलं ते पुढच्या मोजणीपर्यंत झालंच नाही, असं धरायचं. या सगळ्याच्या अगदी तळाला तालुक्याच्या कचेरीत कोणीतरी एक जण बसलेला असतो.

त्या वेळी मी बसले होते.

आमच्या वाड्याचा आदेश होता, पण आदेशात कुठली घरं हललेली ते धड लिहिलेलं नव्हतं. खालची चार-पाच घरं नक्की कुठल्या बाजूची? तेव्हा पणजीहून मोजणीच्या खात्याचे साहेब म्हणाले, एक बैठक लावा, दोन्ही पंचायतींना बोलवा, वाड्यातलं माणूस बोलवा, जागेवर हद्द दाखवू दे, सगळे सह्या करतील, मी कळवतो. सरळ गोष्ट होती. त्यांनी मला फोनवर विचारलं, "कुठला दिवस सोयीचा?"

मी धालोतला दिवस सांगितला.

मुद्दाम? होय. समोर कॅलेंडर होतं. मी बोट ठेवून बघितलं होतं. बैठक अलीकडच्या गावच्या पंचायत घरात, म्हणजे शिवेच्या पलीकडे. वाड्याची पंच म्हणून नोटीस जाणार दीपाला, आणि ती तेव्हा मांडकरीण. तिला आधी सांगितलं असतं तर तिनं नारळ ठेवला असता आणि मांडावर मी बसले असते. मी नाही सांगितलं. मी नोटीस टपालानं पाठवली — एका घरात राहणाऱ्या बाईला टपालानं! — आणि ती दिवा लागल्यावर पोचली.

त्या वेळी मला नेमकं काय हवं होतं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. वाड्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, वाडा माझाही होता. मला एवढंच हवं होतं की एकदा तिला 'जमलं नाही' म्हणावं लागावं. एकदाच. लोकांसमोर. आणि मग मी ते करून द्यावं. असं काहीतरी.

दीपा नोटीस घेऊन स्वयंपाकघरात आली. घाबरलेली वगैरे नव्हती, शीव ओलांडता येणार नाही एवढंच तिचं म्हणणं. "वयनी, ही मिटिंग धालोंत घाल्या गो. म्हाका शीव हुपूंक मेळची ना." मग पुन्हा कागद बघून तिचा चेहरा उजळला. "पूण तूं आसतली मगो थंय? मागीर म्हाका कित्याची काळजी? तूंच सांग आमचें. म्हज्यापरस तुका चड कळटा."

मीच आमच्या वतीनं बोलावं, मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणाली; दिराला पाठवते म्हणाली नाही. तेव्हा खाणी जोरात होत्या, दीर सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर, खेप सोडून कोण येतो? माझा नवरा आणि बाकीच्या घरांतले पुरुषही तिकडेच. आणि मी असताना दुसऱ्या कोणाची गरज काय?

मी म्हटलं, बघते.

म्हणजे बघा — मला जे हवं होतं ते मिळालंच होतं. तिला जमत नव्हतं, आणि ती ते माझ्या हातात देत होती. इथे थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. मग मी का थांबले नाही? ती हरल्यासारखी दिसली नाही म्हणून. तिनं ते इतक्या सहज दिलं — जसं पिठाचा डबा जरा धर म्हणावं.

बैठकीला पणजीचे साहेब, जमिनीचे मोजणीदार, दोन्ही पंचायतींचे सचिव, अलीकडच्या गावचे दोन पंच आणि मी. सचिव बदलीवर आलेले, पंच गावाच्या दुसऱ्या टोकाचे, ते मला कचेरीतली बाई म्हणून ओळखत. माझं घर ठाऊक असणारे सरपंच तापानं पडले होते. साहेब सभ्य माणूस होता. चहा आणि भजी आली तरी त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "वाड्यातलं कोण आलंय?"

सचिव म्हणाले, "पंचबाईंना नोटीस गेली होती. आल्या नाहीत."

"पंचच हवी असं नाही हो. तिथे राहणारं कोणीही चालेल. एक माणूस. कोणीच नाही?"

मी खुर्चीवर बसले होते. मांडीवर फाईल. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तिथे राहते, साहेब. खालची चार घरं आमच्याच बाजूची, त्यातल्या तिसऱ्यात माझी चुलतसासू राहते, चला, दाखवते. एवढंच. साहेबांनी दारात जाऊन रस्त्यावर पाहिलं. परत आले. मोजणीदार घड्याळ बघायला लागला. मी फाईलची दोरी सोडली आणि परत बांधली.

साहेबांनी लिहिलं, वाड्यातून कोणीही हजर नाही, जागेवरची स्थिती निश्चित करता आली नाही. तालुक्याच्या वतीनं मी सही केली.

इतकं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस असंच मानून घ्यायचं होतं. गप्प बसणं म्हटलं की जरा हलकं वाटतं. पण ते तेवढं नव्हतं.

उठताना साहेब मला म्हणाले, "बाई, तारखेला अजून थोडे दिवस आहेत. वाड्यातल्या कोणीही दोन ओळी लिहून पाठवल्या, घरांची नावं दिली, तरी मी घेतो. तेवढं बघा." मी मान हलवली.

घरी चालत निघाले. राखणदाराच्या दगडापाशी दीपा उभी होती. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, दगडाच्या आतल्या बाजूला. पाऊल पुढे नाही. मी दिसले तशी तिनं लांबूनच हात केला. जवळ येईपर्यंत तिला धीर नव्हता. "कितें जालें गो वयनी?"

आणि मी तिला सांगितलं, की मी खूप बोलले, पण साहेब ऐकेनात. पंचबाई स्वतः हवी म्हणाले. तू आली असतीस तर झालं असतं. आता काही करता येत नाही, बंद झालं.

एका दमात. एकही शब्द अडखळला नाही. मी कचेरीत रोज लोकांना नाही म्हणते, मला ते येतं.

तिनं त्या दगडाकडे बघितलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली — नेहमी घ्यायची तशी — आणि पुढे चालायला लागली. त्या रात्रीही तिनं दिवा लावला, गाणी म्हटली. तारखेपर्यंतचे ते दिवस एक एक करून गेले. रोज मी बसमधून उतरायचे, तिला अंगणात बघायचे, आणि रोज ठरवायचे की उद्या सांगू, त्या दोन ओळी हिच्याकडून लिहून घेऊ. दोन ओळी! मी अर्धं आयुष्य लोकांच्या दोन ओळी लिहून देण्यात घालवलंय. तारीख उलटली त्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही खरं. आता सांगून उपयोग नव्हता, म्हणून.

पुढे काय झालं ते तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त का झालं ते नाही. मोजणीत आमचा वाडा जुन्याच गावात मोजला गेला. अलीकडच्या गावाला दवाखान्याचं उपकेंद्र मिळायचं होतं. आमची माणसं त्यांच्या आकड्यात नव्हती, आकडा कमी पडला, उपकेंद्र दुसरीकडे गेलं. पाण्याच्या टाकीचं काम आलं तर जुनी पंचायत म्हणे, तुम्ही आदेशानं तिकडे गेलात. नवी म्हणे, तुम्ही आमच्या कागदावर नाही. नवे प्रभाग आखले तेही त्या आकड्यांवर. आमचा वाडा दोन तुकडे होऊन दोन प्रभागांत गेला आणि दीपाला उभं राहायला जागाच उरली नाही. तरी ती दोन्ही पंचायतींच्या पायऱ्या झिजवत राहिली, वर्ष-दीड वर्ष. मग एकदा नळावर कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "ही धालो खेळत बसली आनी वाडो व्हाळांत व्हांवयलो." दोघी-तिघी हसल्या. मी तिथेच होते. माझी घागर भरत होती. मी नळ बंद केला आणि निघाले.

त्यानंतरच्या पौषात दीपानं दिवा लावायला नकार दिला. सासूनं समजावलं, रागावली, रडली. दीपा म्हणाली, त्या दगडाशी आपण उभं राहिलो तेव्हा देवाला कळायला हवं होतं, की आपण त्याच्यासाठी थांबलोय. त्याला कळलं नाही. आता आपला त्याचा संबंध नाही. इतकं शांतपणे म्हणाली की सासूनं पुन्हा विषय काढला नाही.

मान घराबाहेर जायला नको म्हणून मग मी रजा टाकायला लागले. तेव्हापासून मांडावर दिवा मी लावते.

होय. मीच. दर पौषात. माझा आवाज बसका आहे, गाणं मी एक तर लवकर उचलते नाही तर उशिरा. बायका सांभाळून घेतात, आणि मग घरी जाताना कोणीतरी म्हणतंच — दीपा म्हणायची ते काय वेगळंच. सांगा, तिच्याकडे आता आहे काय जे मी तिच्यावर जळावं? पंचपण नाही, देव नाही, आवाजही ती वापरत नाही. धालोच्या दिवसांत संध्याकाळपासून ती दार लावून घेते. तरी मी जळते. बायकांनी तिची आठवण काढली म्हणून जळते.

तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, दहा वर्षांची तर गोष्ट आहे. पुढच्या मोजणीला नीट होईल. हिशोब करून टाकला होता मी तिच्या आयुष्यातल्या दहा वर्षांचा. आणि पुढची मोजणी आलीच नाही. साथ आली, मग पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. हद्दी गोठवायची तारीख यायची, पुढे जायची. प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून गेलं. दर वेळी मी वाचलं आणि शिक्का मारला. सासू गेली. दिराचे ट्रक खाणी बंद झाल्यावर गंजून गेले. माझी मुलगी लग्न होऊन पेडण्याला गेली, आणि तिचं पहिलं फोनवरचं वाक्य अजूनही असतं, काकी कशी आहे?

आता या वेळी झालं. तारीख पक्की ठरली, मोजणी लागली. कचेरीत नवीन आलेली मुलगी हे काम संगणकावर बघते. आमचा वाडा यादीत दिसला तेव्हा तिनं मला विचारलं, "मॅडम, हे तुमच्याकडचं ना? कुठली घरं?" मी सांगितली. तिनं भरलं. चहा गार व्हायच्या आत संपलं. पुढे दोन्ही पंचायतींनी मान्य केलं, वर गेलं, नकाशा बदलला. अलीकडच्या गावात आता आम्ही आहोत, सरकारच्याही नजरेत.

मी घरी येऊन सांगितलं. दीर म्हणाला, "बरें जालें." एवढंच. दीपा चुलीपाशी काजूच्या बिया निवडत होती. तिचे केस पांढरे झालेत, माझ्याआधी. म्हणाली, "तुवेंच केलें न्ही वयनी? म्हाका खबर आशिल्लें, तूंच करतली." मी पिशवी खुंटीला अडकवली. ती निवडत राहिली. पुरुषमाणसं बाहेर गेल्यावर, वर न बघता, तिनं विचारलं.

"वयनी, त्या दिसा हांवें शीव हुपिल्ली जाल्यार — जातलें आशिल्लें न्ही गो?"

त्या दिवशी मी शीव ओलांडली असती, तर झालं असतं ना?

खरं काय ते तिला सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो. आता तिला कळलं असतं तर माझं फार काय गेलं असतं? नोकरी संपत आलीय. मुलगी रागावली असती. पण ती काय करेल याचा विचारसुद्धा मी तेव्हा केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं — हिला कळलं की चूक हिची नव्हती, तर ही पौषात मांडावर येईल. दिवा लावेल. गाईल. आणि सगळ्या बायका म्हणतील, आली गो आमची दीपा.

मी म्हटलं, "जातलें आशिल्लें."

तिनं मान हलवली आणि पुढची बी उचलली.